मथूच्या फुलपात्रातलं पाणी

१२ जुलै १९३७
आजपासून मी म्युनिसिपालिटीची मेंबर. सरकारनियुक्त, स्त्रियांच्या वतीने. माझी खुर्ची वेगळी, दाराजवळ. बसल्यावर कळलं, एक पाय आखूड. खुर्चीचा.
समोर अध्यक्ष धनराजशेठ. पूर्ण नाव लिहून शाई कशाला घालवू, पुढे नुसतं ध. लिहीन. हसून म्हणाला, "या बाई. शाळेतल्यासारखी छडी मारू नका म्हणजे झालं." सगळे हसले. मीही हसले. छडीवर भागायचं नाही, शेठ.

मथूला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष. माझी सोळा वर्षांची पोर, मुदतीच्या तापाने नेली. गल्लीतला नळाचा पाइप गटाराच्या पोटातून जातो. माझ्या लग्नाच्याही आधीचा, गंजून चाळण झालेला. पोर जायच्या आधी तीन अर्ज केले होते. उत्तर एकच, ध.च्या सहीचं, "शिल्लक नाही." आणि त्याच उन्हाळ्यात चौकातल्या मनोऱ्यावर घड्याळ बसलं. तापात ठोके ऐकून मथू विचारायची, किती वाजले गं? मी सांगायची. आता ठोके पडले की कानांत बोटं घालते.
मला ध.ला खुर्चीवरून खाली आलेला बघायचंय. बाकी काही नको.

१९ जुलै
शाळेतून रजा काढून धुळे. सर्व्हिस मोटार सोनगीरला पंक्चर, तासभर किल्ल्याकडे बघत बसले.
कलेक्टर कचेरीत चिटणीस भला माणूस निघाला. पाइप बदलायला निम्मी रक्कम सरकार देईल, उरलेली कर्जाऊ. अट एकच, ऑगस्टअखेर म्युनिसिपालिटीचा ठराव पाहिजे. नाहीतर पैसा दुसऱ्या गावाला.
मोटारीत डोक्यात प्रकाश पडला. कर्ज फेडायला घरपट्टी वाढणार. आणि गावात सर्वांत मोठी घरपट्टी कुणाची? कापसाचं जिन, बंगला, पेठेतली दुकानं, सगळं ध.चं. बंगल्यात स्वतःची बांधीव विहीर. गावच्या नळाचा थेंब त्या घरात कधी गेला नसेल. शिल्लक नाही म्हणे!

२४ जुलै
आज स्वतः ध. दारात. ओसरीवर बसला. काठी बाजूला, पागोटं मांडीवर. फार गोड बोलला. तुमच्या ठरावाची नोटीस वाचली, यंदा नको, दोन वर्षांनी बघू, तुमच्या शाळेला नवे बाक देतो.
मी गूळपाणीसुद्धा विचारलं नाही. वैऱ्यालाही आपल्याकडे कुणी असं बसवत नाही. त्याला ते झोंबलं असावं. म्हणाला, "बाई, पाणी तरी द्या."
आत गेले. उकळून गार केलेलं माठात होतं. वर्षभर मी तेच पिते. माठाला हात लावला नाही. फळीवरून मथूचं फुलपात्र काढलं, थेट नळाखाली धरलं. गढूळ, वर तवंग. तसंच त्याच्या हातात दिलं, वर गुळाचा खडा.
त्याने पाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता खाली ठेवील आणि मी विचारीन, का हो शेठ, नको? शेजारची भागाअक्का कुडावरून बघत होती, एक साक्षीदार तयारच होता.
ठेवलं नाही. गूळ तोंडात टाकला आणि गटागटा सगळं प्याला. फुलपात्र पालथं घालून दाखवलं. म्हणाला, "गोड आहे की."

२५ जुलै
भागाअक्का सकाळीच हजर, डोळ्यांनी पाहिलेलं पोटात राहीना. "बाई, शेठ बठ्ठं पानी पी ग्या! मी मना डोयाघाई दखं. आते त्याले काय व्हयी?"
म्हटलं, काही होणार नाही.
खोटं. व्हावं असंच वाटतंय. देवासमोर बसले तरी तेच वाटलं. मग दिवा लावला आणि उठले, देवाला मध्ये कशाला घ्या.

२ ऑगस्ट
सभा. मी ठराव मांडला. पाइपाचा एक तुकडा नेला होता. टेबलावर ठेवला तर त्याचा गंज हाताला लागला.
मग ध. उठला. "सभासदहो, बाईंच्या घरचं पाणी मी स्वतः प्यालो. न उकळता, न गाळता. नऊ दिवस झाले. हा मी तुमच्यासमोर उभा. एवढ्यासाठी गावाच्या डोक्यावर कर्ज आणि घरपट्टी चढवायची?" आणि दंडावर थाप मारली, आखाड्यात मारतात तशी.
टाळ्या. ठराव २८ तारखेपर्यंत तहकूब. तेव्हाही पडणार, सगळ्यांचे चेहरे तसेच होते.
मी करायला गेले काय आणि झालं काय. त्याला हत्यार मीच दिलं, फुलपात्रात भरून.

३ ऑगस्ट
झोप नाही. पोरींना भूगोल शिकवताना तापीऐवजी पांझरा सांगितली. पोरी हसल्या. एकीच्या थोबाडीत दिली. तिचा काय दोष?
मथू गेली तेव्हाही असाच जिवंत, धडधाकट फिरत होता हा.

७ ऑगस्ट
मथूचं वर्षश्राद्ध. पिंपळाखाली घास ठेवला. कावळा लगेच शिवला. भागाअक्का म्हणाली, "पोरनं मन भरनं." माझं नाही भरलं.

११ ऑगस्ट
ध. चार दिवस जिनवर दिसला नाही. माणसं सांगतात, जळगावला व्याह्यांकडे गेलाय. मग बंगल्याच्या दारात डॉक्टरची सायकल का उभी?
ताप. मला माहीत आहे. आधी डोकं दुखतं, मग जीभ पांढरी होते, मग जेवण नको. पुढचंही माहीत आहे.
आज जेवण गेलं. पोटभर. हे लिहिताना लाज वाटायला हवी, वाटत नाही.

१४ ऑगस्ट
दिवेलागणीला हिराबाई आल्या, ध.ची बायको. बरोबर कुणी नाही, डोक्यावरून शाल. भांडायला आल्यात म्हणून मी पदर खोचून उभी.
त्यांनी दाराची कडी आतून लावली. म्हणाल्या, "बाई, तुमच्या मथूला काय काय दिलं होतं?"
भांडायची सगळी तयारी होती, ह्याची नव्हती. ताकाचं पाणी, साळीच्या लाह्यांचं पाणी, कपाळावर ओल्या घड्या, सांगत गेले. त्या पाठ करत होत्या. मधेच थांबून म्हणाल्या, "आणि तरी...?"
"तरी," म्हटलं.
जाताना म्हणाल्या, "त्यांनी सांगितलंय, बाईंच्या घरी पाणी प्यालो हे आता कुठे काढू नका. कुणी विचारलं तर व्याह्यांकडे गेलोय म्हणा."
मी पाणी उकळून घ्यायचं सांगितलं. आधी आठवत नव्हतं, त्या पायरी उतरल्यावर आठवलं. धावत जाऊन सांगितलं.

१५ ऑगस्ट
दिवसभर एकच विचार. का लपवतो? मला वाचवायला, की ठराव पाडायला? नळाच्या पाण्याने आजारी पडलो हे कळलं तर त्याचं दंड थोपटणं फुकट. मला वाचवत असेल तर त्याहून वाईट. ह्या माणसाचे उपकार घेऊ मी? मेल्याने सूडसुद्धा धड घेऊ दिला नाही.

२१ ऑगस्ट
हिराबाईंचा गडी येऊन लाह्या मागून गेला. घरच्या संपल्या म्हणे. दिल्या. डबा काठोकाठ भरला, का ते माहीत नाही.
गडी म्हणाला, ध. बरळतोय. किती वाजले, विचारतो.

२७ ऑगस्ट
उद्या सभा. ध. येणार नाही, उपाध्यक्ष खुर्चीत बसेल. तो ध.चाच माणूस. शेठ स्वतः पाणी पिऊन ठणठणीत आहेत, व्याह्यांकडे मजेत आहेत, एवढं म्हणेल आणि ठराव जाईल. पैसाही जाईल. पुढच्या पावसाळ्यात आणखी कुणाची तरी मथू.
तोंड उघडलं तर ठराव होईल. पण मग सांगावं लागेल, कुणी दिलं, कोणतं दिलं, माठ भरलेला असताना का दिलं. नोकरी जाईल. ध. उद्या-परवा गेलाच, तर गाव म्हणेल बाईने मारला. आणि गाव खोटं म्हणणार नाही.
भागाअक्काला सगळं सांगितलं. तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं. म्हणाली, "बठ्ठं गाव हाईच पानी पेस, बाई. तुम्हीन एकलाले जाणीसन पाजं, त्यासनी बठ्ठासले पाजं." खरंच, मी एकाला जाणूनबुजून पाजलं, ध.ने अख्ख्या गावाला.

२८ ऑगस्ट
सभा तीनला. घागर नळाखाली भरून घेतली, आज जरा जास्तच गढूळ. मेंबरांपुरते पेले भागाअक्काकडून आणले, एक मथूचं फुलपात्र. आधी ध. कुठे आहे आणि कशाने, ते सांगायचं, माझ्या नावासकट. मग प्रत्येकापुढे एकेक ठेवायचा. ठराव नको असेल त्याने प्यावं.
सकाळी बंगल्यावरून निरोप आला, ताप उतरला नाही, चढलाही नाही. ऐकून बरं वाटलं की वाईट, अजून ठरत नाही.
मथूचं फुलपात्र माझ्यासमोर ठेवणार आहे. कुणीतरी म्हणेलच, बाई, आधी तुम्ही.
घागर जड आहे. भागाअक्का एका बाजूने धरतेय.