आर्खिपकाकांची दोन बोटं

बाबा,
तुमच्या तुयाराचा बातागायहून नमस्कार.

माल पोचला, गाडी ठणठणीत आहे. आईने दिलेले फरचे बूट ऊबदार आहेत. थकवा तेवढा जात नाही. काळी गाय व्याली का?

एक गोष्ट दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. मंगळवारी दुपारी गोठलेल्या नदीवरून येताना आर्खिपकाकांचा ट्रक कडेला उभा दिसला. त्यांनी हात वर केला. मला तो नमस्कार वाटला, म्हणून हॉर्न देऊन पुढे आले. वीस किलोमीटरवर लक्षात आलं, की त्यांच्या धुराड्यातून वाफच निघत नव्हती. उणे बावन्नमध्ये इंजिन बंद! उभ्या गाडीची वाफ आधी बघायची, हे तुम्हीच शिकवलंत. अक्षरं शिकवलीत त्याच वर्षी.

मी मागे फिरले. काका टायर जाळून शेकत बसले होते. म्हणाले, "आलात का राणीसाहेब? जरा आधी आला असता, तर माझा नवा टायर वाचला असता!"

त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पांढरी पडली आहेत. राहतील की जातील, डॉक्टर शुक्रवारी सांगतील. काका सगळ्यांना सांगतात, "ती तर पोरगी दिसायच्या आधीच बधिर झाली होती." पण मी पुढे जाऊन परत येईपर्यंतचा दीड तास माझा आहे.

बाबा, तुम्ही हा रस्ता तीस हिवाळे केलात. तुमच्या हातून कधी कोणी असं मागे राहिलं का? राहिलं असेल तर लिहा. नसेल, तर नुसती घरची खुशाली कळवा.

तुमची लेक,
तुयारा