व्हेनिसमध्ये बोट कुठे बांधायची

शुक्रवार संध्याकाळ, अल रय्यान, आखात

ईदच्या सुट्टीत व्हेनिसला जायचं आणि हॉटेल महाग म्हणून छोटी हाऊसबोट भाड्याने घ्यायची, ही आयडिया माझ्या नवऱ्याची, ग्लेनची. रात्री ती बोट स्वस्तात कुठे बांधायची हे शोधायचं काम मात्र माझं. का, तर मी वसईच्या नाखव्याची मुलगी!

दुपारपासून डोकं फिरलंय. मरीनाचं, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्याचं, एका रात्रीचं भाडं जवळजवळ हॉटेलइतकंच. एका बेटाजवळ पाण्यात तीन लाकडी खांब आहेत. नेटवर एकजण लिहितो, तिथे फुकट बांधा. दुसरा लिहितो, ते खाजगी आहेत, मालक येऊन उठवतो. फोटोत त्या खांबांना एक बोट बांधलेली, वर चिटपाखरू नाही. मग खरं कोणाचं धरायचं?

शेवटी वसईला पप्पांना फोन लावला. त्यांना आधी भाडंच कळेना. "बोट बांधायचे पैसे? कोणाला?" खांबांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आणि झोपणार कुठे?"

"बोटीवरच, पप्पा. तीच तर मजा."

"मजा?" मासेमारीत ज्यांचं अर्धं आयुष्य बोटीवर झोपण्यात गेलं, त्यांना मी हे सांगत होते. "बोट बांधली की माणूस घरी जातो, पोरी. तुम्ही बांधून जाणार कुठे?"

मी म्हटलं, आवाज तुटतोय. खरं तर अगदी स्वच्छ येत होता.

ग्लेन बाहेरून विचारतोय, बुकिंग करू का? काय सांगू? मी अजून तो फोटोच बघतेय. खांबांना बांधलेल्या त्या बोटीवर कोणी का नाही, एवढं मात्र आता कळलं.