तिसऱ्या रांगेतला मित्र

प्रिय एकार्ट,

काल तुला पोट्सडामच्या मातीत ठेवलं. अठराव्या शतकातल्या त्या दोन प्रशियन उमरावांवरून आपण दोघे इतिहासकार जन्मभर भांडलो. ते एकाच घरात राहिले, एकमेकांना 'माझ्या जिवा' लिहीत राहिले. तरी तू वर्गात ठणकावायचास, "तेव्हा मित्र असंच लिहायचे. पुरावा दाखवा, नाहीतर गप्प बसा!" आणि रात्री माझ्याच कुशीत झोपायचास.

काल तुझ्या पुतणीनं मला तिसऱ्या रांगेत बसवलं. माती आधी घरच्यांनी टाकली, शेवटी मी. पाद्रीबाबांना ती म्हणाली, "हे काकांचे मित्र. भाडं वाचावं म्हणून एकत्र राहायचे."

मी गप्प बसलो रे. आपला एक फोटोसुद्धा तू कधी काढू दिला नाहीस. पुरावा कुठून आणू?

तुझा मित्र,
योआखिम