बनतं, पण टिकत नाही

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, जिवाणूंच्या प्रयोगशाळेतला निवृत्त सहायक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबावाखाली यायचं तेवढं नोकरीत येऊन झालं.

१. बँकेतील शिल्लक व लोखंडी कपाट धाकट्या बहिणीस. तिच्या नवऱ्याने कपाटाला हात लावू नये. गेल्या खेपेस त्याने दुरुस्त केलेलं दार अजून लागत नाही.

२. पाना-पक्कडीची पेटी रखवालदारास. लिफ्ट तोच चालू ठेवतो; कमिटी फक्त सभा घेते.

३. राहते घर ‘चिमणी’स. आमच्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करायची ती मुलगी. बारीक आवाजावरून आमच्या सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, ठेवलेलं नाव. आता शाळेत विज्ञान शिकवते. कारण असे:

आमच्या जिवाणूचं एक एन्झाइम दोन सबयुनिट, म्हणजे प्रथिनाचे दोन भाग, जुळून तयार होई, एक मोठं, एक छोटं. छोट्याच्या जनुकात म्युटेशन होऊन ते बनेनासं झालं की मोठंही दिसेनासं होई. सरांनी निकाल देऊन टाकला, मोठं बनतच नाही. त्यावर दोन शोधनिबंध आणि एक पुरस्कार पदरात पाडून घेतला.

चिमणी म्हणाली, “सर, बनतं. पण जोडीदार नसला की टिकत नाही, पेशीच त्याचे तुकडे करते. लगेच बघितलं तर सापडेल.”

तिने छोटं नसलेल्या जिवाणूंत औषध घालून नवं प्रथिन बनणं थांबवलं आणि लगेच नमुना घेतला. प्रथिनं वेगवेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर मोठ्या सबयुनिटचा पट्टा ठसठशीत उमटला. वीस मिनिटांनंतरच्या नमुन्यात फिका, तासाभरानंतरच्या नमुन्यात गायब. जेलवर नमुने मी स्वतः भरले होते.

सर म्हणाले, “हिने नमुने बदललेत. काय रे, तू होतास ना तिथे?”

त्यांच्या टेबलावर माझ्या बढतीचा कागद होता. मी म्हणालो, “आठवत नाही, सर.”

तिला काढलं. जाताना तिने विचारलं, “काका, खरंच आठवत नाही?” मी नळ्या धूत राहिलो.

आठ वर्षांनी परक्या प्रयोगशाळेने तेच छापलं. सर भाषणात म्हणाले, “आम्हाला शंका होतीच.” श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, निर्लज्जासारख्या.

जेलचा तारीख घातलेला फोटो व माझा जबाब सोबत जोडला आहे. चिमणीने घर नाकारल्यास तिची समजूत घालू नये, तो तिचा हक्क आहे. जबाब मात्र बहिणीने विद्यापीठात माझ्या नावानिशी द्यावा.

४. सरांस काही नाही.

वरील अक्षर माझं, खाडाखोड नाही. दोघांच्या डोळ्यांदेखत सही करीत आहे.

ठिकाण: राहते घर, दुसरा मजला
दिनांक: ९ जुलै

साक्षीदार १: दातांचे डॉक्टर, तळमजला.

साक्षीदार २: सर, तिसरा मजला. आधी वाचून बघा म्हणालो, तर म्हणाले, “तुझ्या कागदात वाचण्यासारखं काय असणार?” आणि सही केली.