उद्याची भाकणूक

२००८, दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी

उद्या ढोल थांबले की बिरोबाच्या देवळात देव अंगात आल्यावर पुढच्या वर्षाच्या पावसाची भाकणूक, म्हणजे भविष्य, मला सांगायची आहे. भाची सुनंदा हवामानाच्या अभ्यासावर गावोगाव नाटक करते. आज म्हणाली, "मामा, पाऊस बदलायलाय. मोठे खंड पडतील, मग एकदम कोसळंल. उद्या एवढं सांगा. आमच्या नाटकाला लोक हसायलेत, तुमचं ऐकतेत."

"ते देवाचं बोलणं हाय पोरी, माझं न्हाई."

"मग ह्या बदलावर देव कामून गप हाय?"

तेव्हापासून एकच विचार पाठ सोडत नाही. ढोल थांबल्यावर तिचेच शब्द तोंडून निघाले, तर देव बोलला की मी, कसं ओळखू? आणि नेहमीसारखं "पाऊस उदंड" निघालं, तर सगळे निर्धास्त घरी जातील. त्याचीच जास्त भीती वाटते.