व्हेरी मास्तर

प्रिय उद्धव,

व्हेरी प्रिय, सो प्रिय, एक्स्ट्रीमली प्रिय. बघ, तू शिकवलेलं इसरलो न्हाई. मॅट्रिकला इंग्रजीनंच मला लोळवलं, तरी एवढं ध्यानात हाय. हातातला चहा खाली ठेवून वाच, न्हाईतर सदऱ्यावर सांडंल, आन तुझा कडक इस्त्रीचा सदरा म्हंजे तुझी अर्धी अक्कल.

आमच्याकडचं म्हणशील तर ऊस कारखान्याला गेला. तांबडी गाय व्याली, गोऱ्हा झाला. त्याचं नाव मी उद्धव ठेवलंय. दावं सोडलं की दुसऱ्याच्या दावणीत तोंड घालतोय. माय म्हणती, नाव बदल, चांगलं जनावर हाय.

सेलूचे पाहुणे तुझ्या ध्यानात असतीलच. दिवाळीनंतर आमच्या फुलाअक्काला बघायला आलते. नामांतराच्या बंदमुळं गाड्या उभ्या होत्या, तर बिचारे रेल्वेनं आले. मुलगा कापसाच्या अडतीवर कामाला, साधा. पर त्याचा मामा हेडमास्तर. पोरीला इंग्रजीत दोन गोष्टी इचारल्याबिगर मामा उठत न्हाईत, असा निरोप आधीच आलता. बापूच्या तोंडचं पाणी पळालं. अक्का सातवीपस्तोर शिकलेली. मी म्हणलो, भेता कशाला, आपला उद्धव बीए झालाय, क्लास चालवायलाय, तो शिकवंल. लहानपणापसून एका ताटात जेवलेला दोस्त, दुसऱ्या कुणाला सांगू?

आलास तू. हप्ताभर आमच्या ओसरीवर मांडी घालून बसलास, मायच्या हातचे धपाटे हाणलेस. म्हणलास, 'फुले, इंग्रजीत जोर द्यायचे शब्द असतेत. व्हेरी, सो, रिअली, एक्स्ट्रीमली. मोठे साहेब लोक हे एकावर एक रचतेत. जितके जास्त रचशील तितका समोरचा गार.' अक्कानं खरं धरलं. तव्यावर भाकर आन तोंडात एक्स्ट्रीमली. माय म्हणायची, 'बाई बाई, पोरीला काय लागलं की काय!' अक्का हसायची. लय दिसांनी तशी हसली होती रे ती. तिला शिकायचं होतं, बापूनं शाळा सोडवली, तर तिला वाटलं शाळाच परत घरी आली.

मग पाहुणे आले. डोक्यावर पदर घिऊन अक्का पाटावर बसली. मामानं इचारलं, सैपाक काय काय येतो, इंग्रजीत सांग. अक्कानं मान वर केली आन खणखणीत म्हणली, 'आय कुक व्हेरी व्हेरी सो रिअली एक्स्ट्रीमली व्हेरी गुड पुरणपोळी.' पाहुणे हसावं का न्हाई म्हणून एकमेकाच्या तोंडाकडं बघायलते. पहिला हसलास तू. गुडघ्यावर हात मारून. मग सगळेच सुटले. मुलगा तेवढा हसला न्हाई, पोह्याच्या ताटलीत बघत बसला. अक्कानं एकदाच तुझ्याकडं बघितलं आन पाटावरनं उठली. पुढं निरोप आला, पोरगी डोक्यानं जरा हलकी वाटती. तवापसून अक्का नदीवर धुणं घिऊन जात न्हाई. बायका तोंड दाबून एक्स्ट्रीमली म्हणतेत.

तरी मी म्हणायचो, उद्धवला तेवढंच येत असंल, बीए झालं म्हणून काय झालं. मग एका सोमवारी सोनपेठच्या बाजाराला गेलो आन नेमकी तुझ्या क्लासच्या खिडकीखाली सायकल पंक्चर झाली. आतून तुझा आवाज, 'पोरांनो, व्हेरी एकदाच. जोर भाजीतल्या मिठासारखा चिमटीनं घालायचा. मूठभर वतला की माणूस येडा दिसतोय.' पंप माझ्या हातातच राह्यला. म्हंजे तुला येत होतं, बेइमाना. समदं येत होतं.

खोड्या म्या बी करतो. पाटलाच्या धोतराला लवंगी माळ बांधलेली तुझ्यासमोरच. पर संध्याकाळी पाटील सोता हसत चावडीवर सांगायलते. ज्याची केली त्याला हसू येत न्हाई ती खोडी नसती. आता सिताराम कंडक्टर तुला सोनपेठला उतरवताना 'व्हेरी मास्तर, संभाळून' म्हणतोय ना? ती माझी. तुझ्या क्लासच्या भिंतीवर कोळशानं रोज एक व्हेरी वाढतंय, ती बी माझी. तू ठाण्यात जाणार म्हणं. खुशाल जा. नाव नागनाथ लिव, आन अक्षर वळखीचं हाय म्हणून सांग.

हे सगळं तू का केलंस, ते मला काल कळलं. काल लिंबाजीकाका, तुझे वडील, मागणीचा नारळ घिऊन आमच्या दारात. म्हणले, 'पोरीचं नाव खराब झालं, आता दुसरं कोण येणार? पर आमच्या उद्धवला इंग्रजी न येणारी चालती, त्याचं मन मोठं हाय.' तुझं मन! बापूच्या डोळ्यात पाणीच आलं, नारळाला हात लावायलाच निघाले होते. मग मी खिडकीखालचं सगळं सांगितलं, काकाच्या तोंडावर. काकाला खरंच ठाऊक न्हवतं, माणूस खाली बसला. अक्का चुलीपसून उठून आली, पिठाच्या हातानंच नारळ उचलला आन काकाच्या पिशवीत ठेवला. म्हणली, 'काका, तुमच्यावर राग न्हाई.' उद्या मी सेलूला चाललोय, हेडमास्तराला तुझं मीठ सांगायला. जमो न जमो. पर त्याआधी अक्कानं हे पत्र लिवायला बसवलं. म्हणली, ज्यानं इंग्रजी शिकवली त्याला जवाब बी इंग्रजीतच धाड. तिचा जवाब हाय, नो. मी इचारलं, अक्का, म्होरं काई लावू का, एक्स्ट्रीमली बिक्स्ट्रीमली? भाकर थापता थापता म्हणली, 'कशाला? तेवढं पुरतं त्याला.'

कधीकाळी तुझाच होतो,
नागनाथ