चार मेणबत्त्या आणि पातळ उशी

३० नोव्हेंबर, रविवार
आजपासून आगमनकाळ, नाताळच्या आधीचे चार आठवडे. वेदीवर जांभळं कापड घातलं. यंदा मेणबत्त्या लावायचं पानांचं चक्रही माझ्याकडे. आधी गायनमंडळाच्या काकू बघायच्या, त्यांचे गुडघे गेले. चार जांभळ्या मेणबत्त्या, मधे एक पांढरी. दर रविवारी एक जास्त पेटवायची, पांढरी नाताळला. पाळकसाहेब म्हणाले, हे दिवस वाट बघायला शिकायचे. मला काय शिकवता? बावीस वर्षं या चर्चची झाडलोट करते, दर रविवारी उपदेश संपायची वाटच तर बघते.

दुपारी लेकीचा फोन! दोन वर्षांनी. तिच्या लग्नात मी तिच्या सासूला विचारलं होतं, पाहुण्यांना पाणी द्यायचं तर तुमच्याकडे आधी मीटिंग घेतात का. खरं तेच बोलले. तेव्हापासून अबोला. आता नाताळला येते म्हणाली. पण अट घातली. तोवर मी तिला एकही फोन करायचा नाही. येईन तेव्हा येईन, तू फक्त थांब.
थांबणं हे काय काम आहे? नुसतं बसायचं.

२ डिसेंबर
दोन दिवस झाले. फोन नाही केला. जमतंय.

३ डिसेंबर, सकाळ
केला. पण ते वेगळं. उशी जाड हवी की पातळ, एवढंच विचारायचं होतं. तिने उचलला नाही. म्हणजे बोलणं झालं नाही, म्हणजे अट मोडली नाही. आमच्या ह्यांना विचारलं, बरोबर ना? म्हणाले, हं. हे चर्चची घंटा वाजवतात. बोलायचं कामही घंटेवरच सोडलंय.

७ डिसेंबर, रविवार
दुसरी पेटवली. पहिली बोटभर खाली गेलीय, दुसरी जरा वर, बाकीच्या दोन ताठ. पडक्या दातांसारखं दिसतं. लेक बघून म्हणेल, आईचं लक्ष नाही. उपासनेनंतर बाक पुसता पुसता उंच होत्या त्या जाळून सारख्या करायला घेतल्या. तिसरी जरा जास्तच खाली गेली. मग बाकीच्या तिच्या बरोबरीला आणल्या. छान दिसतंय.

१० डिसेंबर
लेकीच्या सासूला फोन केला. अट लेकीची होती, सासूची नव्हती. कधी निघणार विचारलं. म्हणाली, सुनेची ड्यूटी सुनेलाच माहीत. बाई अजून तशीच आहे.

१३ डिसेंबर
लेकीचा मेसेज. बारीक अक्षरं दिसेनात, ह्यांनी वाचून दाखवला. आई, नऊ मिस्ड कॉल झाले, दहावा आला तर मी येत नाही. नऊ कुठले? सात. दोन तर वाजायच्या आधीच कापले होते.
तरी कडक निर्णय घेतला. फोन ह्यांच्याकडे देऊन टाकला. मी पाया पडले तरी नाताळ होईपर्यंत द्यायचा नाही. हं म्हणाले.

१४ डिसेंबर, रविवार
तिसरी. पाळकसाहेब वाकून बघत राहिले. म्हणाले, सगळ्या सारख्या कशा? मी म्हटलं, देखभाल लागते. तर म्हणतात, पहिली लहान, चौथी मोठी अशीच हवी, किती थांबलो ते त्यावरून दिसतं. हे आधी सांगायला काय झालं होतं?

१६ डिसेंबर
फोन मागितला. दिला नाही. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा माझं ऐकलं, तेही नको तेव्हा.

२१ डिसेंबर, रविवार
चौथी. आता चारही करंगळीएवढ्या. प्रार्थनेच्या मधेच दोन विझल्या. पाळकसाहेबांनी प्रार्थना आटोपती घेतली. मंडळी खूश.

२४ डिसेंबर
वेदीवर पांढरं कापड. घरी लेकीच्या पलंगावर दोन्ही उशा ठेवल्या, जाड आणि पातळ. उद्याचं पक्कं ठरलंय. दारापासून तिसरा बाक, ह्यांच्या शेजारी. बसायचं. काही विचारायचं नाही.

२५ डिसेंबर, सकाळी सात
उपासना नऊला. पहिली बस साडेसातला येते. स्टँडवर नुसतं डोकावून येते. डोकावणं म्हणजे काही फोन नव्हे. हे घंटेपाशी गेलेत, सांगायची गरज नाही. आलेच.

२५ डिसेंबर, दुपारी चार
साडेसातच्या बसला नव्हती. म्हटलं, साडेआठची बघू. मग निघावंसं वाटलं, पण पाठ फिरवली आणि उतरली तर? नऊला ह्यांची घंटा ऐकू आली. दहाची बघितली. बाराची बघितली. दोनची बघितली. आयुष्यात एका जागी इतकी कधी बसले नव्हते. कंडक्टर म्हणाला, मावशी, तुमच्यासारखा धीर नाही बघितला.

अडीचला घरी आले. दोन ताटं घासून पालथी घातलेली.

लेक मैत्रिणीच्या गाडीने आली होती. बरोबर नऊला. माझ्या जागेवर बसली. पांढरी मेणबत्ती पाळकसाहेबांनी तिच्याकडून पेटवून घेतली. शेजारचे चार खुंट बघून हसली म्हणे. म्हणाली, हे आईचंच काम. मला फोनही लावला. तो ह्यांच्या खिशात वाजला. दोनला गेली, संध्याकाळची ड्यूटी होती.

हे एवढं सगळं ह्यांनी एका दमात सांगितलं. मी म्हटलं, अहो, स्टँडवर कुणी का नाही बघितलं? तर म्हणाले, मी निघालो होतो. लेकच म्हणाली, बाबा, नका जाऊ, आईला थांब म्हटलंय, ती इथेच कुठेतरी असेल.

आत जाऊन पलंग बघितला. लेकीने जरा पाठ टेकली होती वाटतं. जाड उशी खाली जमिनीवर. पातळ उशीला मधे खळगा.

पातळ. एवढं तरी कळलं.